इतर आवाज

खण्ण.

हातातला चमचा निसटून फरशीवर पडला, दोनदा उसळला आणि स्वतःभोवती गिरकी घेत सिंकखाली जाऊन थांबला. एरवी हा काही आवाज नव्हे. पण आमच्या घरात तेव्हा इतकी शांतता होती, की थाळी आपटल्यासारखं वाटलं मला. दचकून मी हॉलकडे पाहिलं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात भिंत नाही, नुसती कमान आहे.

कुणाचीही मान वळली नव्हती.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, सोफ्याच्या टोकाला बसून मालिका बघत होत्या. सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची आमच्या इचलकरंजीकडची पद्धत. दुसऱ्या टोकाला माझा नवरा, विराज, क्रिकेट बघत होता. मधे सतरंजीवर मांडी घालून बसलेली साडेचार वर्षांची ओवी हत्तीच्या पिल्लाचं कार्टून बघत होती. टीव्ही एकच, पडद्याचे भाग तीन. ज्याचा भाग त्यालाच ऐकू यायचा, दुसऱ्याला त्याचा पुसटसा आवाजही नाही. खिडकीपाशी मामा कानातलं यंत्र काढून, पाय वर घेऊन बसले होते. चाळीसेक वर्षं कापडाच्या यंत्रमागांच्या खटाखटीत काढल्यावर त्यांचे कान जवळजवळ गेलेत.

"ओवी, चल गं, वरणभात गार होतोय," मी म्हटलं.

ओवी हलली नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज चढला. ओवीचा हत्ती चिखलात पडला आणि ती खुदकन हसली, बस्स.

उठून आले ते मामा. पाटावर बसत म्हणाले, "वाढ मला. ती काय येत न्हाई."

घरात ज्यांना ऐकू येत नाही, तेवढेच माझ्या हाकेला आले. मी वाढलं. मग जाऊन ओवीचा दंड धरला आणि तिच्या कानाशी ओरडले. ती घाबरून रडायला लागली. तेव्हा मात्र सगळ्यांच्या माना वळल्या.

"कशाला ओरडतीस पोरीवर?" आत्या म्हणाल्या. "गोड बोलून सांगायचं की."

*

हे सगळं जोडलं होतं मीच.

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून मागांची शेड आहे. जुने माग होते तोवर ठीक होतं. त्या आवाजात आम्ही झोपायचो, भांडायचो, ओवीला अंगाई म्हणायचो. मग शेजाऱ्यांनी नवे वेगवान माग आणले. त्यांची खटखट वेगळी ऐकूच यायची नाही, नुसती एक घरघर भिंतीतून हाडांत शिरायची. आत्यांचं डोकं उठायचं. मी घरी बसून साड्यांच्या किनारींची डिझाइनं करते, कॉम्प्युटरवर. दुपारी ओवी झोपली की तासभर मिळायचा, त्यातही ती घरघरीनं दचकून उठायची.

विराज सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. एके दिवशी तो एक मोठं खोकं घेऊन आला. वर लिहिलेलं : 'निवांत. घरातल्या प्रत्येकाला आपापली शांतता.' आत मुठीएवढे सहा स्पीकर, तारांचं जंजाळ आणि एक पातळ पुस्तिका. या स्पीकर्सना आम्ही पहिल्या दिवसापासून डबेच म्हणतो. डब्यांना स्वतःचं डोकं नव्हतं. घरातला एखादा कॉम्प्युटर त्यांना जोडायचा, तो टीव्हीला जोडायचा, की तोच सगळं सांभाळणार.

"तुझा कॉम्प्युटर चालेल की," विराज म्हणाला. "आणि जोडायचं तूच बघ. तुला कळतं त्यातलं."

तुला कळतं त्यातलं, असं म्हणून हा माणूस कारखान्यात निघून गेला.

तो दिवस मी विसरणार नाही. कॉम्प्युटरची तार टीव्हीला लावली, तर पडदा निळा आणि मधोमध 'सिग्नल नाही'. तार उलटसुलट करून पाहिली. दुसऱ्या भोकात लावली. चित्र आलं, पण आवाज टीव्हीतून न येता कॉम्प्युटरच्याच चिमुकल्या स्पीकरमधून, नळात अडकल्यासारखा. मग आवाजाची सेटिंगं उघडली. त्यात बाहेर पडायचे सात रस्ते दिसत होते, सगळ्यांची नावं सारखीच. एक निवडला तर टीव्ही बोलायला लागला आणि डबे गप्प. दुसरा निवडला तर डबे बोलायला लागले, पण डावीकडचा उजवीकडून आणि मागचा पुढून. बातम्या देणारी बाई माझ्या पाठीमागे उभी राहून बोलत होती. ओवी तिला शोधायला पडद्यामागे गेली आणि तिथल्या तारेत पाय अडकून पडली, कॉम्प्युटर बंद पडला, आणि सगळं पहिल्यापासून.

विराजला फोन लावला.

"बंद करून चालू कर," तो म्हणाला.

"कशाला?"

"सगळ्यालाच."

मामा स्टुलावर उभे राहून डबा भिंतीला धरून होते. मी "थोडा वर" म्हटलं की वर, "डावीकडं" म्हटलं की डावीकडे. पाठ माझ्याकडे असली, की मात्र त्यांना काही कळायचं नाही. वळून माझ्याकडे बघायचे, मग हलवायचे. त्याचा अर्थ मला तेव्हा लागायला हवा होता.

संध्याकाळी विराज आला तेव्हा पाच डबे हॉलमध्ये बरोबर बोलत होते. सहावा त्यानं स्वतः माझ्या टेबलावर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लावला. "हा तुझा. इथं तुला मागाचा आवाज नाही, कुणाचाच नाही," म्हणाला. मला भरून आलं. खोटं कशाला बोलू?

मग पडद्यावर सूचना आली, की घरातल्यांनी एकेक करून आपलं नाव आणि दोन वाक्यं बोलावीत. नोंदलेला आवाज कधीच अडवला जाणार नाही.

"आई, तू पहिली," विराज म्हणाला.

आत्यांनी पदर सारखा केला. "मी काय बोलू? ...साबुदाणा भिजत घातलोय. उद्या एकादशी हाय."

पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं : 'आई. नोंद झाली.'

मग विराज झाला, मामा झाले. माझी वेळ आली तेव्हा ओवी उड्या मारत माझ्यापुढे येऊन ओरडली, "ही आई! हिचं नाव आई!"

पडदा म्हणाला : 'हे नाव आधीच वापरात आहे.'

सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मी धावले. मागून विराजचा आवाज आला, "अगं, तुझं नंतर करू, हं." आणि त्यानं 'पुढे' दाबलं. ओवीची नोंद होणारच नव्हती. सहा वर्षांखालच्या मुलांचा आवाज महिन्यामहिन्याला बदलतो म्हणे. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की नोंद नसलेले आवाज 'इतर' या गटात जातील.

गॅस पुसता पुसता मी ते कमानीतून वाचलं. इतर तर इतर.

*

डबे काय करतात ते सांगते. मला समजलंय तसं.

आवाज म्हणजे हवेला बसणारे झोके. कुणी झोपाळा पुढे ढकलतोय आणि अगदी त्याच क्षणी, तेवढ्याच जोरानं, दुसऱ्यानं तो मागे ढकलला, तर झोपाळा जागच्या जागी राहील. मागाचा आवाज भिंतीतून आला, की डबे त्याच्या बरोबर उलटा आवाज हवेत सोडतात. दोन्ही एकाच वेळी कानाशी पोचतात आणि एकमेकांना संपवतात. कानाला वाटतं, काही झालंच नाही.

पण आत्यांना मागाचा आवाज नको आणि मालिकेचा हवा. विराजला मालिका नको, क्रिकेट हवं. म्हणून डब्यांना प्रत्येकाचे कान नेमके कुठे आहेत ते कळावं लागतं. त्यासाठी ते वटवाघळासारखे, आपल्याला ऐकू न येणारे बारीक चीत्कार सारखे सोडत असतात. ते आपल्या डोक्यांवर आदळून परत येतात, त्यावरून कुणाचं डोकं कुठे आणि तोंड कुणीकडे, हे कॉम्प्युटरला समजतं. फक्त माणूस अगदी हातभर अंतरावर येऊन बोलला, तर उलटा झोका तयार करायला वेळच उरत नाही. तो आवाज अडत नाही. किंकाळी, रडणं, काही फुटणं हेही अडवायचं नाही, अशी सोय आहे.

राहिला प्रश्न, कोणता आवाज अडवायचा आणि कोणता नाही. हे कोण ठरवणार? घरोघरचे आवाज वेगळे. कुणाला दारावरची कडी महत्त्वाची, कुणाला कबुतर. तेव्हा ज्यांनी हे बनवलं त्यांनी फार हुशारीनं एक सोपा नियम केला. आवाज झाला आणि माणसाची मान वळली, तर तो आवाज कामाचा. पुन्हा पुन्हा होऊनही मान वळली नाही, तर तो निरुपयोगी; त्याचा नमुना जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी आला की अडवायचा. पंखा, फ्रिज, मिक्सर, माग. पहिल्या आठवड्यातच एकेक आवाज घरातून नाहीसा होत गेला.

सुखच होतं ते! आत्यांचं डोकं उठायचं थांबलं. विराज रात्रपाळीवरून येऊन दुपारी गाढ झोपू लागला. आणि मी, सहाव्या डब्याखाली बसून, लग्नानंतर पहिल्यांदा सलग काम करू लागले. एक मोराची किनार केली, तशी मला एरवी वर्षात सुचली नसती. ओवी आता दुपारी झोपायची नाही, पण हॉलमध्ये आपली आपली खेळायची. एक हाक म्हणून मारायची नाही. कधीतरी जवळ येऊन माझा गाऊन ओढायची, मी म्हणायची, "थांब हं बाळा, एवढी पाकळी होऊ दे," की शहाण्यासारखी परत जायची.

मला तिचं कौतुक वाटायचं. पोरगी मोठी झाली, म्हणायचे मी.

*

पण पोरगी माझं ऐकेनाशी झाली.

जेवायला ये, चप्पल घाल, ते तोंडात घालू नको. काहीही म्हणा, तिच्या डोळ्यांची पापणी हलायची नाही. आत्यांनी "ओवे" म्हटलं की "ओ आजी". विराजनं चुटकी वाजवली की पळत. मी म्हणजे जणू घरात नव्हतेच. मग मी काम टाकून उठायची, तिच्यासमोर जाऊन उभी राहायची, आणि तोवर इतकी वैतागलेली असायची, की तोंडातून निघायची ती ओरडच.

"लाडानं कान गेल्यात तिचं," आत्या म्हणायच्या. "आमचा विराज एका हाकंला हजर असायचा."

"आई, कशाला खोटं बोलतीस," विराज म्हणायचा.

"अरे, मग तू तरी सांग तिला," मी म्हणायची.

"काय सांगू?"

"मी काय म्हणतेय ते तरी ऐकतोयस का?"

"आं?"

मला संशय का आला नाही, असं कुणीही विचारेल. कारण आधीही असंच होतं. डबे यायच्या आधीही मी स्वयंपाकघरातून चार वेळा बोलायचे तेव्हा कुठे एकदा कुणीतरी "आं?" म्हणायचं. नवल वाटावं असं काही घडलंच नव्हतं.

ओवीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तिला कसले कसले टुंग-टांग आवाज ऐकवले. प्रत्येकाला तिनं हात वर केला.

"उत्तम कान आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुजबुजसुद्धा ऐकू येते हिला." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मुलं कधीकधी एखाद्या माणसाचं ऐकायचंच नाही असं ठरवतात. घरी काही ताण आहे का? तुम्ही फार ओरडता का हिच्यावर?"

रिक्षात मी ओवीला मांडीवर घेतलं. ती माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती.

"ओवी, तू आईशी कट्टी आहेस का गं?"

"नाही."

"मग मी बोलवते तेव्हा येत का नाहीस?"

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलताना ती नाक खाजवते. तसं काही केलं नाही.

"तू कुठं बोलवतेस?" ती म्हणाली. "तू नुसती येऊन ओरडतेस. आणि झोपताना बोलतेस."

आमच्या झोपायच्या खोलीत डबे नव्हते. हे मात्र माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. मी रिक्षाभर रडले आणि रिक्षावाल्यानं आरसा थोडा वर वळवला.

*

मागांना आठवड्याची सुट्टी असते त्या दिवशी आमच्या गल्लीला खरी शांतता मिळते. त्या दिवशी सकाळी मी कमानीत बसून मेथी निवडत होते. ओवीनं सतरंजीवर भातुकली मांडली होती. मामा नेहमीप्रमाणे खिडकीपाशी.

बाहुलीला एका टोकाला बसवून ओवी दुसऱ्या टोकाला गेली. कमरेला माझी ओढणी खोचली होती.

"आजोबा, मी आई झालेय हं," तिनं हातवारे करून मामांना सांगितलं.

आणि ती बाहुलीकडे बघून नुसतं तोंड हलवायला लागली. आवाज नाही. ओठ उघडायचे, मिटायचे, पुढे यायचे. भुवया माझ्यासारख्या वर. मग पुन्हा तेच. मग एकदम उठून ती बाहुलीजवळ गेली, तिचा दंड पकडला आणि खच्चून ओरडली, "किती वेळा सांगायचं!"

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

मामा हसत होते. "बरोबर करालीय बघ," ते मला म्हणाले. "हुबेहूब तूच."

"मामा, ती काय करतेय? नुसतं तोंड हलवतेय ती."

मामा कानामागे हात न धरता माझ्या ओठांकडे बघत होते. ते नेहमीच तसे बघायचे. मला वाटायचं, म्हातारपणी माणसं बघतात तसं.

"नुसतं कुठं? बोलालीय की ती." त्यांनी ओवीला पुन्हा करायची खूण केली. ओवीनं पुन्हा तोंड हलवलं, आणि मामा तिच्या ओठांकडे बघत, एकेक शब्द उचलावा तसे बोलत गेले : "ओवी... चल गं... वरणभात गार होतोय."

मागांच्या शेडमध्ये कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. तिथली माणसं आयुष्यभर ओठ वाचून बोलतात. हे मला माहीत होतं, लग्न होऊन आले तेव्हा कुणीतरी गंमत म्हणून सांगितलंही होतं. ओवीला ते वाचता येत नव्हतं. तिला फक्त तेवढंच दिसलं होतं, रोज, कमानीतून : आई तोंड हलवते, त्यातून काही येत नाही, आणि मग ती चिडून अंगावर येते.

मी मेथी तिथंच टाकून उठले.

*

"अगं, ते उघडू नको, वॉरंटी जाईल," विराज अंघोळ करून डोकं पुसत आला, तेव्हा मी टीव्हीच्या मागच्या तारा काढत होते.

"जाऊ दे."

"पण करतेयस काय?"

मी सांगितलं. डबे आवाज अडवतात म्हणजे उलटा आवाज सोडतात. त्याचे नमुने माझ्याच कॉम्प्युटरमध्ये साठवलेले असणार. ते नमुने एकटेच, मूळ आवाजाशिवाय, डब्यांतून वाजवायचे. झोपाळा आधी पुढे गेला काय नि आधी मागे गेला काय, बसणाऱ्याला झोका तोच लागतो. उलटा आवाज एकटा आला, तर कानाला सुलटाच ऐकू येतो. म्हणजे या घरात जे जे अडवलं गेलं, ते सगळं ऐकू येईल.

"बघू या तर," विराज म्हणाला. त्याला अजून गंमत वाटत होती.

पुन्हा तोच छळ. पडदा निळा, सिग्नल नाही. सात रस्ते, सारखी नावं. यावेळी मी कुणाला फोन केला नाही. तार दोनदा चुकीच्या भोकात गेली. "बंद करून..." असं विराज म्हणायला लागला, मी वळून पाहिलं, आणि तो पुन्हा डोकं पुसायला लागला. शेवटी पडद्यावर हॉलचं चित्र आलं, पाच डब्यांच्या पाच ठिपक्यांसह. मी सतरंजीची जागा निवडली. ओवीची जागा.

आधी माग ऐकू आले. सुट्टीच्या दिवशी, बंद शेडसमोर, आमच्या हॉलमध्ये माग धडधडले. आत्यांनी कानांवर हात घेतले. मग पंखा, मग फ्रिजची गुणगुण. मग मिक्सर.

मिक्सर थांबला आणि कमानीच्या बाजूनं एक बाई बोलली.

"ओवी, चल गं, वरणभात गार होतोय. ओवी. ओवी, ऐकतेयस का? बघ, मी तुझ्यासाठी तूप काढून ठेवलंय. ओवी... सोनू... ए सोनू. मोर दाखवते तुला. मी काढलेला मोर. बघायला येतेस?"

मी तारांमध्ये बसले होते आणि माझा आवाज कमानीतून येत होता. तो किती मऊ होता, ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी ओरडूनच बोलते.

हॉलमध्ये सगळ्यांच्या माना कमानीकडे वळल्या होत्या. मामांनी काही ऐकलं नव्हतं. पण सगळे वळले म्हणून तेही तिकडे बघत होते.

"आईला मिक्सर समजलं त्यानं!" विराज हसण्याचा प्रयत्न करत ओवीला म्हणाला. "वेडा आहे ना डबा?"

"का समजलं?" ओवीनं विचारलं.

"मान वळली नाही ना कुणाची. मान वळली नाही, की डबा आवाज खाऊन टाकतो." एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं. टॉवेलशी चाळा करत तो माझ्याकडे वळला. "मशीनची चूक आहे ही, सानू. नोंद राहिली होती तुझी, एवढंच."

"नोंद राहिली होती," मी म्हटलं. "पण मी एकट्या तिच्याच जागेवरून नाही उडाले, विराज. तुझ्या जागेवरचं लावू? आत्यांच्या?"

मी विराजची जागा निवडली. माग, पंखा, मिक्सर, आणि "अरे, ऐकतोयस का, उद्या ओवीच्या शाळेत..." मी बंद केलं.

इतका वेळ आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "माझं तरी कुठं कोण ऐकत हुतं? आणि तवा तर डबंबी नव्हतं."

मामांनी त्यांचे ओठ वाचले असणार. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

*

"काढून टाकू या का?" विराजनं विचारलं. "तू म्हणशील तसं."

मी डब्यांकडे पाहिलं. हे काढले, की उद्यापासून भिंतीतून पुन्हा ती घरघर. आत्यांचं डोकं. माझा दुपारचा तास, माझ्या किनारी, माझा मोर. आणि ठेवले तर? नोंद केली, की माझा आवाज पोचणार. पण पोचला म्हणून मान वळेल, हे कोण लिहून देणार? मला राग होता तो नेमका कुणाचा, हेच कळेना. डब्याचा म्हणावा, तर त्यानं आमच्याकडे बघून बघूनच सगळं शिकलं होतं.

"आधी नोंद करते," मी म्हटलं.

पडद्यानं नाव विचारलं. आई वापरात होतं. सूनबाई कुणी म्हणत नाही. सानू हे फक्त विराजचं, खोलीतलं. अगं हे नाव नव्हे.

"सानिका," मी म्हणाले. आणि दोन वाक्यं काही सुचेनात, म्हणून म्हटलं, "मी इथं आहे. मी इथंच आहे."

'सानिका. नोंद झाली.'

"सानिका," ओवीनं माझ्यामागून म्हणून पाहिलं आणि ती खिदळली. येऊन माझ्या मांडीत बसली. तिच्या केसांना भातुकलीत पळवलेल्या मेथीचा वास होता. मी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. आता हिला माझं ऐकू येईल. नाहीच ऐकलं, तर निदान ते मुद्दाम असेल.

तारा आवरायच्या राहिल्या होत्या. पडद्यावर हॉलमधल्या पाच ठिपक्यांपासून लांब, सहावा कोपऱ्यात तसाच लुकलुकत होता. माझ्या टेबलावरचा. त्यात काय असणार? माग, आत्यांची मालिका, विराजचं क्रिकेट. सगळं बघितलंय तर हेही, म्हणून मी तो दाबला.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून माग आले. मालिकेचं संगीत आलं. विराजची शिंक आली, आणि ती ऐकून विराज हसला.

मग एक बारीक आवाज.

"आई, बघ ना. आई. हत्ती काढला मी. आई, ह्याला सोंड आहे बघ. आई? ...आई, झाली का पाकळी? आई. आई. आई. ...बरं."

मांडीतली ओवी ताठ झाली. माझे हात तिच्याभोवती होते, ते तसेच राहिले.

"ही मी आहे!" ती ओरडली. तिला फार आनंद झाला होता. "बाबा, मीपण! मीपण मिक्सर झाले होते!"

विराज हसला नाही. आत्या उठून आत गेल्या. डब्यातला आवाज संपला आणि गल्लीतली खरी शांतता घरात आली. ओवी माझ्या मांडीत गर्रकन वळली. दोन्ही हातांनी तिनं माझे गाल धरले, माझं तोंड स्वतःकडे फिरवलं आणि माझ्या ओठांकडे बघत विचारलं,

"आई, तुझी मान का नाही वळली?"